आजारपणानंतरचा अशक्तपणा आणि ताटातली प्रथिने

टायफॉईड, डेंग्यू किंवा न्यूमोनियातून माणूस उठला की घरात त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक सुरू होतो. तांदळाची पेज, मऊ भात, वरणाचे वरचे पाणी, साबुदाण्याची खीर, चहाबरोबर दोन-चार मारी बिस्किटे, मधूनमधून शहाळे आणि सफरचंदाच्या फोडी असा हा बेत असतो. हे सारे पचायला हलके असते आणि ताप अंगात असेपर्यंत ते योग्यही असते. परंतु ताप उतरून दोन आठवडे लोटले तरी तोच बेत चालू राहतो, आणि मग जिना चढताना पाय का लटपटतात, अंघोळ करून बाहेर आल्यावर बसावे का लागते, हे कोणाला उमगत नाही. वरणाच्या पातेल्यात डाळ तळाशी बसते. ती घरातल्या धडधाकट माणसांच्या पानात जाते आणि जिला तिची सर्वांत जास्त गरज असते, त्या व्यक्तीला वरचे पिवळे पाणी मिळते.

आजारानंतरच्या अशक्तपणाचा मोठा भाग हा झिजलेल्या स्नायूंचा असतो. शरीरात चरबीचा साठा असतो, साखरेचाही थोडाफार असतो. प्रथिनांचे मात्र वेगळे कोठार नसते. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी आणि रक्तातील संरक्षक द्रव्ये घडवण्यासाठी लागणारी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात ते घटक, जेवणातून मिळाली नाहीत, तर शरीर ती मांड्यांच्या, पोटऱ्यांच्या आणि दंडांच्या स्नायूंतून काढून घेते. त्यात अंथरुणावर पडून राहण्याची भर पडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस बिछान्यावर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील चरबीविरहित वस्तुमान सरासरी जवळपास एक किलोने घटले. त्यांना ताप नव्हता आणि जेवणही वेळेवर मिळत होते. ताप आणि उपासमार या दोहोंची जोड मिळालेल्या माणसाचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. ‘लंघनं परमौषधम्’, म्हणजे उपवास हेच श्रेष्ठ औषध, एवढेच आपण पाठ करून ठेवले. पण पंचकर्मासारख्या शोधनानंतर अन्न कसे वाढवत न्यावे याचा जो क्रम आयुर्वेदाने सांगितला आहे, तो पेयेपासून, म्हणजे पातळ पेजेपासून, सुरू होऊन घट्ट विलेपी, म्हणजे दाट पेज, मग मुगासारख्या कडधान्याचा बिनफोडणीचा यूष, म्हणजे कढण, त्यानंतर स्नेह आणि मसाला घातलेला यूष, अशा पायऱ्यांनी मांसरसापर्यंत जातो. म्हणजे पेज ही पहिली पायरी होती. आपण तिच्यावरच मुक्काम ठोकला.

किती प्रथिने लागतात

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आजारातून उठणाऱ्या आणि विशेषतः साठीपुढच्या व्यक्तींसाठी आहारतज्ज्ञ हे प्रमाण साधारण १.२ ते १.५ ग्रॅम धरतात. आजारापूर्वी ६० किलो वजन असलेल्या व्यक्तीला एरवी ५० ग्रॅम पुरत असतील, तर आता किमान ७२ ग्रॅम हवेत. हिशेब करताना आजाराने उतरलेले वजन धरू नये, आधीचे नेहमीचे वजन धरावे. व्यक्ती स्थूल असेल तर उंचीला साजेसे वजन धरावे.

येथेच एक इशारा देणे भाग आहे. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) वाढलेले असल्यास किंवा यकृताचा गंभीर आजार असल्यास, प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. मधुमेह फार वर्षांचा असेल तर क्रिएटिनिन एकदा तपासून घेतलेले बरे. तसेच दहा-बारा दिवस अन्न जवळजवळ गेलेच नसेल, तर एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते, कारण रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम अचानक उतरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. अशा रुग्णाचे अन्न डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावे लागते.

पेजेकडून कढणाकडे

ताप उतरून भूक परतू लागली की पहिल्या तीन-चार दिवसांत पेजेची जागा मुगाच्या कढणाला द्यावी. एका माणसासाठी मूठभर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम मुगाची डाळ धुऊन अर्धा चमचा तुपावर खमंग वास येईपर्यंत परतावी, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि आल्याचा तुकडा घालून कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावी आणि रवीने घुसळून एकजीव करावी. मीठ, जिऱ्याची पूड आणि लिंबू वरून घालावे. कढण गाळू नये. गाळणीत जे उरते, त्याच्यासाठीच तर हा सारा खटाटोप असतो. एवढ्या कढणातून नऊ ते दहा ग्रॅम प्रथिने मिळतात, तर तेवढ्याच तांदळाच्या पेजेतून तीनसुद्धा मिळत नाहीत. घाटाखाली आणि कोकणात कुळथाची पिठी हेच काम करते. कुळथातही शंभर ग्रॅममागे २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ज्यांना कुळीथ उष्ण पडतो असे वाटते त्यांनी मुगावरच राहावे. प्रथिनांच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

जुलाब होऊन गेलेल्या रुग्णाला काही दिवस दूध पचत नाही, पोट फुगते, पुन्हा ढाळ लागतात. त्याला आठवडाभर दुधाऐवजी ताजे दही किंवा ताक द्यावे.

एका दिवसाचा हिशेब

प्रथम नेहमीचा ‘हलका’ दिवस मोजून पाहू. दोन कप चहातील दुधाचे तीन ग्रॅम, चार मारी बिस्किटांचे दोन, वाटीभर पेजेचे दोन, दुपारच्या भाताचे चार, पातळ वरणाचे तीन, संध्याकाळच्या मऊ खिचडीचे सहा-सात, फळांचा एखादा. बेरीज २१-२२ ग्रॅमवर थांबते. गरज ७२ ची आणि पुरवठा २२ चा, हा खड्डा कोणत्याही टॉनिकच्या बाटलीने भरून निघत नाही.

आता पचनावर विशेष ताण न देता हाच दिवस बदलता येतो. सकाळी चहा-बिस्किटांऐवजी पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ शिजवावे आणि खाली उतरवल्यावर दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर थोड्या पाण्यात कालवून मिसळावी. दुधाचे साडेसहा, पावडरीचे पाच आणि नाचणीचे दीड असे १३ ग्रॅम सकाळीच पदरात पडतात. नाचणीचे सत्त्व वापरू नये. ते गाळून केलेले असल्याने त्यात पिष्टच जास्त असते. साधे पीठच घ्यावे. दहाच्या सुमारास ४० ग्रॅम भिजवलेल्या मुगाच्या डाळीची दोन मऊ धिरडी द्यावीत, म्हणजे आणखी साडेनऊ. दुपारी एक पोळी, वाटीभर भात, ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण आणि वाटीभर दही मिळून १६ होतात. चारला शेंगदाणा-गुळाचा एक लाडू, त्याचे सहा. संध्याकाळच्या खिचडीत तांदूळ ४० ग्रॅम आणि डाळ ३० ग्रॅम घ्यावी, सोबत कढी आणि हलक्या परतलेल्या पनीरचे ५० ग्रॅम तुकडे द्यावेत. या एका जेवणातून २१ ग्रॅम मिळतात. झोपण्यापूर्वी पेलाभर दूध, साडेसहा. एकूण बेरीज ७२ भरते, आणि यात अंडे, मासे, मटण काहीच धरलेले नाही.

आजारी माणसाच्या खिचडीत डाळ नावापुरती असते, ही मला आपल्या स्वयंपाकातील सर्वांत सहज सुधारण्याजोगी चूक वाटते. डाळ वाढवली की खिचडी जड होईल ही भीती निराधार आहे. डाळ दोन तास भिजवून, पाणी वाढवून आणि हिंग-आले घालून शिजवली की ती तांदळाइतकीच मऊ होते. डाळ-तांदळाच्या जोडीला आणखी एक अर्थ आहे. तांदूळ-गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरण-भात, खिचडी, भाजणीचे थालीपीठ आणि पुरणपोळीसुद्धा याच सूत्रावर उभी आहे.

दिवसभराची प्रथिने एकाच जेवणात कोंबू नयेत. उतारवयातील स्नायूंना तर एका वेळी २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळाली तरच त्यांची बांधणी नीट सुरू होते. मराठी घरात सकाळचा नाश्ता या बाबतीत फार दुबळा असतो. पोह्यांच्या एका बशीत चार-पाच ग्रॅमच असतात. त्यात मूठभर शेंगदाणे आणि शिजवलेली मटकी मिसळून सोबत दह्याची वाटी दिली, तर हाच आकडा पंधराच्या पुढे जातो.

अंडी, मासे, मटण

जे खातात त्यांच्यासाठी अंड्याइतका सोपा आणि स्वस्त मार्ग दुसरा नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ती जवळजवळ पूर्णपणे अंगी लागतात, मात्र अंडे शिजवलेले असले तरच. दुधात कच्चे अंडे फेटून घेण्याची तालमीतली जुनी सवय अजून अनेक घरांत अशक्त माणसावर लादली जाते. मोजमाप करून पाहिले तेव्हा शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने शोषली गेली आणि कच्च्यातील जेमतेम ५० टक्के. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. टायफॉईडचा जंतू त्याच कुळातला आहे. पिवळे बलक काढून टाकण्याचीही सरसकट गरज नाही, कारण प्रथिनांचा जवळजवळ निम्मा वाटा आणि ब-१२ जीवनसत्त्व त्यातच असते.

मटणाच्या बाबतीत आपण वरणाचीच चूक पुन्हा करतो. कोल्हापूरकडे अशक्त माणसाला अळणी पाणी पाजतात, इतरत्र पायांचे सूप देतात. दोन्ही चवीला उत्तम, घशाला शेक देणारी आणि भूक चाळवणारी आहेत. पण त्या पाण्यात उतरलेल्या प्रथिनांत जिलेटिनच जास्त असते आणि जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसल्याने केवळ त्याच्यावर स्नायू बांधला जात नाही. रस्सा जरूर द्यावा, पण त्यातील चार मऊ तुकडे बारीक करून द्यावेत. दात नसलेल्या आजोबांसाठी खिमा हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

किनारपट्टीवर सुकी मासळी हा गरिबाघरचा प्रथिनांचा साठाच असतो. सुक्या जवळ्यात आणि सुक्या बोंबलात शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे २० ग्रॅम जवळा दोन अंड्यांची बरोबरी करतो. खारवलेल्या मासळीत मीठ भरपूर असते, म्हणून ती कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवावी, आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना देऊ नये. ओला बोंबील मऊ लागतो याचे कारण त्यात पाणीच फार असते. बांगडा, तारली किंवा मांदेली त्याहून अधिक देऊन जातात.

सोयाबीन आणि इतर स्वस्त मार्ग

लातूर, अकोला, वाशीमकडे शेतेच्या शेते सोयाबीनने भरलेली असतात, पण ते पोत्यांतून थेट बाजारात जाते आणि शेतकऱ्याच्या घरातील बाळंतीण पेजेवर राहते, हे दृश्य चमत्कारिक आहे. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅममागे ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. तेल काढून केलेल्या सोया वड्यांत ५० च्या वर. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक असतात, ते उष्णतेने नष्ट होतात. म्हणून दाणे भिजवून, उकळून, वाळवून आणि खमंग भाजून मगच दळावेत. एक किलो गव्हाला १०० ग्रॅम सोयाबीन पुरे. त्याहून जास्त झाले की पोळीला वास येतो आणि मग घरात कोणीच ती खात नाही. सोया वड्या खारट उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून दोनदा पिळून घ्याव्यात आणि बारीक करून खिचडीत किंवा उपम्यात मिसळाव्यात. २५ ग्रॅम सुक्या वड्यांतून १३ ग्रॅम मिळतात, आणि नीट पिळलेल्या असल्या तर रुग्णाला त्या कळतही नाहीत.

फुटाणे, फुटाण्यांचे पीठ ताकात कालवून, शेंगदाण्याची आमटी, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, आणि दही फडक्यात टांगून केलेला बिनसाखरेचा चक्का, हे सारे हाताशी असते. तोंडाला चव नसलेल्या माणसाला मऊ भात, तूप आणि मेतकूट यांची मोठी सोबत होते. पण दोन चमचे मेतकुटातून फार तर दोन ग्रॅम मिळतात, तेव्हा त्याचे काम भात घशाखाली उतरवण्याचे आहे एवढे ध्यानात ठेवावे.

ज्यांच्यावर भरवसा ठेवू नये

साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ शून्य असतात. आजारातून उठल्याबरोबर कोणी उपवास धरणारच असेल, तर त्याने निदान राजगिरा, शेंगदाण्याची आमटी आणि दूध-दही यांच्यावर तो करावा. डिंकाच्या लाडवात तूप, गूळ आणि खोबरे यांची ऊर्जा असते, डिंक स्वतः विद्राव्य तंतू आहे. अळिवात प्रथिने आणि लोह चांगले असते, परंतु एका लाडवात अळीव चमचाभरच जातात. रात्री भिजवलेले पाच बदाम मिळून सव्वा ग्रॅम होतो. डेंग्यूनंतर लोक महागडी किवी आणतात. शंभर ग्रॅम किवीत एक ग्रॅम प्रथिने असतात, त्याच पैशांत डझनभर अंडी येतात. डब्यातील चॉकलेटी पेयांत माल्ट आणि साखर यांचा भरणा असतो, म्हणून डब्याच्या मागचा तक्ता वाचून शंभर ग्रॅममागे प्रथिने किती आणि साखर किती हे पाहावे. खरी प्रथिन पावडर वाईट नसते, पण ज्याला घरचे अन्न जाते आहे त्याला तिची गरज नसते. घन अन्न गिळता येत नसेल तेव्हा ती उपयोगी पडते.

मोडांविषयीही थोडा गैरसमज आहे. मोड आणल्याने प्रथिने फारशी वाढत नाहीत. दाण्याने पाणी शोषल्यामुळे वजनाच्या मानाने ती कमीच भरतात. पचनीयता सुधारते आणि क जीवनसत्त्व तयार होते, हा खरा फायदा. अशक्त माणसाला मोड कच्चे न देता उसळ शिजवून द्यावी.

जेवणासोबत लागणाऱ्या दोन गोष्टी

ऊर्जा कमी पडली तर शरीर खाल्लेली प्रथिने जाळून टाकते. म्हणून भात-पोळी बंद करून नुसती डाळ आणि अंडी देऊ नयेत. भातावर चमचाभर तूप, दुधात साय, धिरड्याला तेल असू द्यावे. दुसरी गोष्ट हालचालीची आहे. स्नायूला वापर झाल्याशिवाय बांधणीचा संदेश मिळत नाही. घट्ट वरण खाऊन पुन्हा आडवे पडणाऱ्याचे वजन वाढते, ताकद वाढत नाही. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठणे-बसणे, दिवसातून तीनदा. चक्कर येत नसेल तर घरातल्या घरात फेऱ्या. आठवड्याने आधार न घेता उठणे-बसणे. जेवणानंतर लगेच चहा देऊ नये, कारण चहातील टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणते, आणि आजारानंतर पांडुरोग अनेकदा लपलेला असतो.

क्षयरोग्याच्या घरी

क्षयरोगात वजन आणि स्नायू दोन्ही झपाट्याने उतरतात, आणि औषध चालू असतानाही अन्नाचा परिणाम किती मोठा असतो हे झारखंडमध्ये २०१९ पासून झालेल्या चाचणीत दिसले. तेथे सुमारे २,८०० रुग्णांना दरमहा दहा किलोंची शिधापिशवी देण्यात आली. तांदूळ, डाळ, दुधाची पावडर आणि तेल यांतून रोज १,२०० किलोकॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने मिळत. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. काही रुग्णांच्या घरच्यांनाही शिधा मिळाला होता. त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले.

क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा जमा होणारी रक्कम २०१८ मध्ये ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. त्यात रोजची दोन अंडी, महिन्याला दोन किलो डाळ आणि किलोभर शेंगदाणे बसू शकतात. आयसोनियाझिड हे क्षयावरचे औषध घेणाऱ्यांनी मात्र बांगडा आणि ट्यूना अगदी ताजे असल्याशिवाय खाऊ नयेत. शिळ्या मासळीतील हिस्टामिनमुळे चेहरा लाल होणे, डोके दुखणे, धडधडणे असा त्रास या औषधासोबत होऊ शकतो.

प्रगती मोजण्यासाठी आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करावे आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येते हे वहीत लिहून ठेवावे. तीन आठवडे नीट खाऊनही हा आकडा हलला नाही, वजन उतरतच राहिले, पायांवर सूज आली, बसल्या जागी दम लागू लागला किंवा संध्याकाळी पुन्हा कणकण येऊ लागली, तर स्वयंपाकघरातले प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, थायरॉईड, क्रिएटिनिन आणि ब-१२ यांची तपासणी करून घेण्याविषयी विचारावे. शुद्ध शाकाहारी व्यक्तीच्या बाबतीत ब-१२ कडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्याच्या कमतरतेनेही पायांतले त्राण जाते आणि ते डाळीने भरून येत नाही.